मेनूकार्डाचं मागचं पान

स्टेशन बंद पडून सत्तावीस वर्षं झाली, तरी गावात त्यांना सगळे तिकीटबाईच म्हणत. ज्यांनी जन्मात कधी आगगाडीचं तिकीट काढलं नव्हतं, ती शाळकरी मुलंसुद्धा. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरायचे, पण नजर शाबूत होती, आणि जीभ त्याहून शाबूत.

त्यांचा जन्मच मुळी स्टेशनमागच्या क्वार्टरमधला. वडील सांधेवाले. म्हणजे येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते लोखंडी दांडा ओढून ठरवणारा माणूस. लाइन एकेरी, प्लॅटफॉर्म एकच, पण समोरून मालगाडी आली तर तिला बाजूला घ्यायला दुसरा रूळ होता, आणि त्या दोन रुळांमध्ये जे काही बरंवाईट होऊ शकत होतं, ते वडिलांच्या हातात होतं. स्टेशनमास्तर खोलीतून ओरडून विचारायचे, "सांधे लागले का?" वडील म्हणायचे, "लागले." तेवढ्या एका शब्दावर भरलेली गाडी आत यायची. असं त्यांनी चौतीस वर्षं केलं. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक साधा शेरा नव्हता. ते कधी बोलून दाखवत नसत, त्यामुळे घरात ते जास्तच जाणवायचं.

आई लवकर गेली. मुलगी शिकली, परीक्षा दिली आणि चोविसाव्या वर्षी त्याच स्टेशनच्या तिकीटखिडकीत जाऊन बसली. घरापासून कामाची जागा बासष्ट पावलांवर. पुढे लग्न झालं ते एका बस ड्रायव्हरशी. रस्त्यावर पूल झाला, बस वाढल्या, गाडी रिकामी धावायला लागली आणि शेवटी लाइनच बंद झाली, तेव्हा नवऱ्याला सगळे चिडवायचे की बायकोचं स्टेशन तूच खाल्लंस. तिकीटबाईंची बदली जंक्शनच्या पार्सल ऑफिसात झाली. तिथून निवृत्त झाल्या. नवरा गेला, मुलगी लांबच्या शहरात नांदायला गेली. स्टेशनात आधी कुणीतरी खताची पोती भरली, मग पोतीही गेली आणि कबुतरं राहिली.

आणि गेल्या वर्षी एक बहीण-भाऊ आले.

बहीण चाळिशीची. मोठ्या हॉटेलांत पंधरा वर्षं स्वयंपाक केलेली, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. बोलायची कमी. ती कसर भाऊ भरून काढायचा. दोघांनी स्टेशन भाड्यानं घेतलं होतं आणि तिथे रेस्टॉरंट काढायचं ठरवलं होतं. गावाच्या तोंडी त्याचं लगेच हॉटेल झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून भाऊ जिना चढून तिकीटबाईंकडे आला.

"मावशी, कुठे काय होतं ते फक्त दाखवा. आम्हाला जुनं रूप तसंच ठेवायचंय."

"मला त्यात काही रस नाही," तिकीटबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिथे हजर झाल्या.

महिनाभर त्या रोज जात होत्या. मालाची खोली होती तिथे स्वयंपाकघर झालं. मुसाफिरखान्यात टेबलं आली. कंदिलांच्या खोलीत हात धुवायचे बेसिन लागणार हे ऐकून त्यांनी नाक मुरडलं, पण नळ कुठल्या भिंतीवर घेऊ नका, कारण ती पावसाळ्यात ओल धरते, हेही त्यांनीच सांगितलं. रंगाऱ्यानं दारं निळी रंगवायला घेतली, तर त्याच्या हातातला ब्रश धरून म्हणाल्या, "हिरवी होती. असली झगझगीत नाही, तळ्याच्या पाण्यासारखी." रंगाऱ्यानं चार हिरवे करून दाखवले. पाचवा त्यांना पटला.

भाऊ खूश होता. एक दिवस म्हणाला, "मावशी, स्टेशनचा इतिहास लिहून द्या ना. मेनूकार्डाच्या मागच्या पानावर छापू."

त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि तीन आठवड्यांत एकतीस पानं लिहिली. किती दिवे होते, कुठला कधी लागायचा. शेगडीला कोळसा किती लागायचा. कुठल्या साली प्लॅटफॉर्म दोन हात लांबवला. स्टेशनमास्तर किती झाले आणि त्यांतल्या कुणाला शिट्टीचा आवाज सहन व्हायचा नाही. रोज पहाटेच्या गाडीनं कोंबड्यांची खुराडी घेऊन जाणारी बाई कोंबड्यांचंही तिकीट मागायची, हेसुद्धा. भावानं वही दोन्ही हातांनी घेतली, "वा, वा" म्हणाला.

रेस्टॉरंट सुरू झालं त्या दिवशी तिकीटबाईंना खिडकीजवळच्या टेबलावर मानानं बसवलं. त्यांनी चष्मा लावून मेनूकार्ड उलटं केलं. मागच्या पानावर एका नवरीची गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी म्हणे एक तरुणी लग्नाच्या साडीत या स्टेशनवर आली, तिचा प्रियकर गाडीनं यायचा होता, तो आलाच नाही, आणि मग ती आयुष्यभर दर संध्याकाळी त्याच बाकावर येऊन बसत राहिली. शेवटी लिहिलं होतं, 'तो बाक आजही तुमची वाट पाहतो आहे.' बाक समोरच होता. भावानं तो भंगारवाल्याकडून आणला होता, हे तिकीटबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण भावाबरोबर जाऊन तो निवडला होता त्यांनीच. आता दोन मुली त्यावर बसून फोटो काढत होत्या.

त्यांनी भावाला खुणेनं बोलावलं. "ही बाई कोण रे?"

"अशीच... म्हणजे, असेलच ना कुणीतरी."

"वीस वर्षं मी त्या खिडकीत बसले. एखादी बाई रोज संध्याकाळी येऊन बाकावर बसली असती, तर दुसऱ्याच दिवशी मी विचारलं असतं, बाई गं, तुला जायचंय तरी कुठे?"

भाऊ हसला. मग त्यांचा चेहरा बघून हसायचा थांबला. "मावशी, राग मानू नका. तुमच्या वहीत सगळं खरं आहे. मी दोनदा वाचली. पण तिच्यात काही घडतच नाही हो. माणूस जेवण यायच्या आधी पाच मिनिटं वाचणार, त्याला काहीतरी लागतं."

तिकीटबाईंनी मेनूकार्ड बाजूला ठेवलं. जेवल्या, चांगलं झालंय म्हणाल्या आणि घरी गेल्या.

पण ते वाक्य त्यांच्या पाठीमागे घरापर्यंत आलं. तिच्यात काही घडतच नाही. खोटं नव्हतं ते. एकतीस पानं लिहिताना एका वर्षापाशी येऊन त्यांचं पेन थबकलं होतं आणि सरळ पुढच्या वर्षावर गेलं होतं. त्यांनी ते नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, मुलीला नव्हतं. नवरीच्या खोट्या गोष्टीला नावं ठेवायला त्या मोकळ्या होत्या, पण जागा रिकामी सोडली होती ती त्यांनीच. तीन दिवस त्या स्वतःवरच करवादत राहिल्या. चौथ्या दिवशी दुपारी, हॉटेल दोन वेळच्या जेवणांच्या मधे बंद असतं तेव्हा, त्या मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात गेल्या.

बहीण एकटीच कांदा चिरत होती. तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"या जागेत आधी एकदा स्वयंपाक झालाय," तिकीटबाई म्हणाल्या. "तुझ्याआधी. मी केलाय."

बहिणीची सुरी चालूच होती. "किती माणसांचा?"

"बासष्ट."

सुरी थांबली. "आणि भांडी?"

हाच प्रश्न त्यांना कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि त्यामुळेच पुढचं सांगणं सोपं झालं.

तिकीटबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या. स्टेशनमास्तर दाढ काढायला जंक्शनला गेले होते, आणि एका दिवसापुरता स्टेशनचा ताबा तिकीटबाईंकडे होता. त्याच दिवशी वादळ झालं. सकाळची गाडी येऊन उभी राहिली आणि पुढे जाईना, कारण पुढे टेकडीचा कडा रुळावर आला होता. मागे जावं तर पुलाचा एक खांब खचलेला. तारेचे खांब आडवे, त्यामुळे ना निरोप जाईना ना येईना. सगळ्यात जवळचं गाव, म्हणजे हेच, नदीपलीकडे; रस्त्यावरचा पूल तेव्हा झालेला नव्हता, आणि नदीत उतरायची सोय नव्हती. बासष्ट माणसं स्टेशनवर अडकली. त्यांत एक बाळंतीण, तिचं दोन महिन्यांचं मूल आणि काठी टेकत चालणारे तीन म्हातारे.

पहिला दिवस लोकांच्या शिदोऱ्यांवर निघाला. सांधेवाल्याच्या घरातला पिठाचा डबाही त्या दिवशीच रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलं रडून रडून दमली आणि गप्प झाली. ती रडत होती तोवर ठीक होतं. गप्प झाली तेव्हा तिकीटबाईंना भीती वाटली.

गाडीला मालाचा एक बंद डबा जोडलेला होता. कागदावर होतं: बटाटे नऊ पोती, तांदूळ चार पोती, पुढच्या स्टेशनच्या एका व्यापाऱ्याच्या नावावर. डब्याच्या कडीला तार गुंडाळून शिशाचा शिक्का मारलेला. वरून लेखी हुकूम आल्याशिवाय तो शिक्का तोडायचा नाही, हा नियम रेल्वेतलं शेंबडं पोरही सांगेल.

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून पकड काढली. वडील डब्यापाशी उभे होते.

"हुकूम आलाय?" वडिलांनी विचारलं.

"कुठून येणार? खांब पडलेत, बाबा."

"मग थांबायचं."

"किती?"

"येईपर्यंत. माल आपला नाही. आपल्या भरवशावर कुणीतरी ठेवलाय."

त्यांनी वडिलांकडे पाहिलं, मग मुसाफिरखान्याकडे पाहिलं आणि तार तोडली.

"भांडी कसली," तिकीटबाई बहिणीला सांगत होत्या. "प्लॅटफॉर्मवर दुधाचे रिकामे कॅन होते, परत पाठवायचे. सहा. त्यांत भात. तोंड एवढंसं, ढवळणार कशानं? शेवटी हिरव्या झेंडीची काठी धुऊन घेतली. इंजिनाच्या ड्रायव्हरनं फावडं घासलं, त्यावर बटाटे मांडून भट्टीच्या तोंडाशी धरले. आतून लोण्यासारखे, वरून कोळसा. ताटं नव्हती, म्हणून जुनी वेळापत्रकं फाडून वाटली. एका गृहस्थाच्या भाताला पावणेसातची गाडी चिकटली होती."

बहीण हसली. तिला हसताना तिकीटबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"तळाचा भात करपला असेल."

"सहाही कॅनमधला. पण शितंही उरलं नाही."

"आणि तुमचे वडील?"

तिकीटबाईंनी हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केला. वडिलांनी विहिरीवरून पाणी आणलं. लाकडं फोडली. म्हाताऱ्यांना हाताला धरून जेवायला बसवलं, बाळंतिणीला पहिला वाटा नेऊन दिला. मात्र स्वतः घास तोंडात घातला नाही. पोट बिघडलंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मदतीची गाडी आली, तोवर हा माणूस नुसत्या पाण्यावर होता.

"मला वाटलं होतं की एवढ्यावर भागेल," त्या म्हणाल्या. "पण तीन आठवड्यांनी चौकशी आली."

साहेब जंक्शनहून आले होते. मुसाफिरखान्यातच टेबल मांडलं. माणूस वाईट नव्हता. मुलं जेवली हे त्यांनाही कळत होतं, आणि मुलीची सगळी नोकरी अजून पुढे आहे हेही. तिकीटबाईंनी अहवालात 'डब्यातील माल उतरवून घेतला' एवढंच लिहिलं होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःच वाट काढून दिली. "वादळात डबे आपटले असतील. शिक्का तुटलेलाच असेल, नाही का?"

"मी काय म्हणाले माहितीये?" तिकीटबाईंचा आवाज खाली आला. "म्हणाले, साहेब, त्या गडबडीत काय काय झालं, मला सगळं आठवत नाही."

बहिणीनं सुरी खाली ठेवली.

"मग बाबांना आत बोलावलं. तार तोडताना पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी तेच विचारलं, शिक्का तुटलेला होता ना? मी खिडकीमागे उभी. बाबा म्हणाले, नाही साहेब. शाबूत होता. मुलीनं पकडीनं तोडला. मी नको म्हणालो होतो."

स्टेशनमास्तर व्हायची तिकीटबाईंची फार इच्छा होती. शिक्का तोडल्याचा शेरा नावावर लागला आणि ते दार कायमचं बंद झालं. पुढची पंधरा वर्षं, लाइन बंद होईपर्यंत, त्या खिडकीतच बसल्या आणि त्यांच्या मागून आलेले दोघं मास्तर होऊन गेले. वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. एकाच घरात राहिले, एकाच चुलीवरचं जेवले. त्या दिवसाबद्दल ना वडिलांनी विषय काढला, ना तिकीटबाईंनी.

"मी असते तर माफ केलं नसतं," बहीण म्हणाली.

"मीही नाही केलं. बरीच वर्षं नाही." तिकीटबाई म्हणाल्या. "पण एक आहे. सांधे लागले का, असं विचारलं की ते लागले म्हणायचे, आणि त्यावर गाडी यायची. मागचंपुढचं कुणी बघायला जायचं नाही. लहानपणी मी त्या गाड्यांच्या आवाजात बिनघोर झोपायचे. माझ्यासाठी ते एकदा खोटं बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. पण पुढच्या वेळी ते लागले म्हणाले असते, तेव्हा मी कान टवकारले असते गं."

बहिणीनं कांदा बाजूला केला, हात पुसले आणि दारातून भावाला हाक मारली. "इकडे ये. आणि लिहायला काहीतरी आण."

भावानं सगळं उतरवून घेतलं. दुधाचे कॅन, झेंडीची काठी, वेळापत्रकं, सगळं त्याला फार आवडलं. फक्त एका ठिकाणी त्यानं मान खाजवली. "मावशी, ते आठवत नाही म्हणालात, तेवढं गाळू या. उगाच कशाला? तुम्ही तर एवढ्या माणसांना जेवू घातलंत."

"ते गाळायचं असेल, तर मग नवरीच राहू दे."

भावानं निमूट लिहिलं.

आठवड्यानं तो छापायचा मजकूर दाखवायला घेऊन आला. तिकीटबाईंनी खिडकीच्या उजेडात सावकाश वाचला. बरा जमला होता. शेवटून दुसरं वाक्य असं होतं: 'सांधेवाल्यानं चौकशीत खरं तेच सांगितलं, पण ती त्याची स्वतःची मुलगी होती.'

"पेन दे," त्या म्हणाल्या. त्यांनी 'पण' खोडला आणि वर बारीक अक्षरात 'आणि' लिहिलं.

भावानं वाक्य दोनदा वाचून पाहिलं. "अर्थ बदलतो, मावशी."

"बदलू दे."

नवी मेनूकार्डं आली. बाकावर बसून फोटो काढणारे अजून काढतातच. नवरी कुठे गेली म्हणून विचारतात, आणि भाऊ म्हणतो, ती कधी आलीच नव्हती. बरेच लोक मागचं पान बघतही नाहीत. पण काही वाचतात. तिकीटबाई आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाला जातात, आपल्या पैशानं जेवतात, आणि ही तीच, असं कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी दोघांना ताकीद दिली आहे.

परवा त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक नवरा-बायको कार्डावरून वाद घालत होते. बायको म्हणत होती, असला कसला बाप, दोन शब्द फिरवले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? नवरा म्हणत होता, अगं, पण मग तिनं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? जेवण येऊन निवत चाललं तरी दोघं मागे हटेनात. मधेच बाजू बदलली. आता नवरा मुलीची कड घ्यायला लागला आणि बायको बापाची.

तिकीटबाईंनी मान वर केली नाही. बेचाळीस वर्षं हा वाद त्या दोन्ही बाजूंनी एकट्याच घालत आल्या होत्या. आता दोन अनोळखी माणसं तो त्यांच्यासाठी घालत होती, तेही सपाटून भूक लागलेली असताना. त्यांनी वाटी पुढे ओढली, आणखी थोडा भात मागवला आणि निवांतपणे ऐकत जेवत राहिल्या.